भाऊबीजेचा पाट

तुळजाच्या खानावळीचा बोर्ड म्हणजे फणसाच्या लाकडाचा पाट आहे, हे उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या कुठल्याही गाडीवानानं सांगितलं असतं. लग्नात माहेरानं दिलेला पाट तो. नवरा रानात लाकूडतोडीला गेला आणि झाडाखाली सापडून मेला, तेव्हा तिनं त्यावर मराठीत आणि कानडीत लिहून घेतलं, ‘तुळजाची खानावळ. बैलांना पाणी.’ आणि रस्त्याच्या वळणावर खांब रोवून त्याला तो अडकवला. घर खाली ओढ्याकाठी, वरून दिसायचं नाही. बोर्ड दिसला तरच गाड्या खाली उतरायच्या. माघातल्या जत्रेत धारवाड-बेळगावकडची माणसं तिच्याकडं भाकरी खायची आणि त्या कमाईवर पुढच्या जत्रेपर्यंत तिची चूल पेटायची. दुसरा आधार नव्हता.

वर्षातून एकदा मात्र बोर्ड खाली यायचा. भाऊबीजेला. धाकट्या भावाला, परशूला, बसायला माहेरचाच पाट हवा, असा तिचा हट्ट. अक्षरांवर बसू नये म्हणून ती वर घोंगडीची घडी घालायची, भावाला ओवाळायची आणि दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा खांबावर. शेजारची बायजा चेष्टा करायची, “आज खानावळीवर भाऊ बसलाय व्हय गं?” तुळजा हसायची. परशू तिनं कडेवर वाढवलेला. आई गेली तेव्हा तो रांगत होता.

हा परशू पुढं पंचायतीचा मेंबर झाला. त्याच साली जत्रेत एक प्रकार घडला. कुणा विडीवाल्यानं वळणावर पत्र्याचा मोठा चकचकीत बोर्ड ठोकला होता. सकाळचं ऊन त्यावर पडलं, बैल बुजले आणि गाडी उलटली. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. त्याला उचलून आणलं ते तुळजानंच. मग ती तडक पंचायतीत गेली.

“वळणावर एकच बोर्ड असू दे,” ती म्हणाली, “आनि त्यो बी लाकडाचा. जनावर बुजतंय.”

परशूनं ते उचलून धरलं. नियम झाला. एका वळणाला एकच बोर्ड, लाकडाचा. दिवाळी झाली की पंचायतीचा शिपाई फिरेल, त्या वेळी जे बोर्ड उभे दिसतील तेच चालतील. रिकाम्या जागेवर बोर्ड लावायचा तर पंचायतीला विचारायचं. तुळजाला काय अभिमान वाटला! भावानं बहिणीचा शब्द राखला म्हणून ती गावभर सांगत सुटली.

भाऊबीजेला परशू आला. घोंगडीवर बसला, ओवाळून झालं. उठताना त्यानं घडी बाजूला सारली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

“आक्का, रंग पार उडालाय बघ. पाट राहू दे खालीच. जोयड्यासनं रंगारी धाडतो, नवं लिवून देईल. ही माझी ओवाळणी.”

तुळजाचे डोळे भरून आले. असा भाऊ कुणाला असतो? तिनं पाट पुसून भिंतीला टेकवून ठेवला आणि रंगाऱ्याची वाट बघत बसली. भाऊबीजेला दिलेला शब्द तो. त्यावर कोण संशय घेतं? दोन दिवसांनी वरच्या रस्त्यानं शिपाई जाऊन आला, तेव्हा ती ओढ्यावर धुणं धूत होती.

रंगारी आला तो पौषात, आणि तोही वळणावरच थांबला. तुळजा धावत वर गेली. तिच्या खांबावर नवा कोरा बोर्ड चढत होता. ‘बाबुराव हॉटेल.’ बाबुराव म्हणजे परशूच्या बायकोचा भाऊ. त्याची झोपडी रस्त्यालगत परशूच्याच शेतात उभी राहत होती, ती तुळजानं महिनाभर पाहिली होती. तिला वाटलं होतं, गवत ठेवायला असेल.

पंचायतीत परशूनं तिला बसायला खुर्ची दिली.

“आक्का, नियम तुझाच हाय. एका वळणाला एकच बोर्ड. शिपाई गेला तवा तुझा उभा नव्हता.”

“तूच म्हनलास की रे, खाली ठेव म्हनून!”

“ते मी भाऊ म्हनून म्हनलो. हितं मी मेंबर हाय.”

तुळजा उठली. ज्या तोंडानं नियम मागितला, त्याच तोंडानं आता नियम वाईट कसा म्हणायचा?

जत्रा आली. घुंगरं वाजत वरून गेली, खाली कुणी उतरलं नाही. भिजवलेल्या डाळीला वास आला. चौथ्या दिवशी खानापूरकडचा म्हातारा गाडीवान भिकाजी बैल घेऊन ओढ्याला आला आणि तिला बघून दचकला.

“अगं, तू हायस व्हय? वर तुझा भाऊ हात जोडून समद्यास्नी सांगतोय, आक्का दमली, तिनं बंद केली म्हनून. आमी म्हनलं, बोर्ड बी न्हाई, खरंच असंल.”

तुळजा तिथंच ओल्या दगडावर बसली. बोर्ड गेला तेव्हा ती चिडली होती. आता मात्र रडली. ती जिवंत, हातीपायी धड, आणि त्यानं तिला मोडीत काढून वर तिची कीव केली होती!

पावसाळाभर तिनं बांबूच्या मोळ्या वाहिल्या. खांद्याची कातडी सोलून निघाली. पुन्हा दिवाळी आली. बायजा म्हणाली, “औंदा त्याला उंबरा चढू देऊ नगं.” पण परशू न बोलावता आलाच, हातात नवं लुगडं घेऊन. निवडणूक जवळ आली होती. सख्ख्या बहिणीनं ओवाळलं नाही तर गावात शोभलं नसतं. मागून चार माणसंही आणली होती.

तुळजानं पाट मांडला. भोवती रांगोळी काढली. निरांजन लावून तबक हातात घेतलं.

परशू पाटाजवळ येऊन घुटमळला. पाटावर घडी नव्हती. उडालेल्या रंगातूनही नाव नीट वाचता येत होतं.

“घोंगडी घाल की, आक्का.”

“न्हाई. तसाच बस.”

“अगं, अक्षरं हायत. तुझं नाव हाय.”

“व्हय. माजंच हाय.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग दारातल्या माणसांकडं पाहिलं. टोपी सारखी केली. आणि मांडी घालून तो तिच्या नावावर बसला.

तुळजाच्या हातात तबक होतं. क्षणभर तिला वाटलं, हा उठेल, लहानपणी चूक झाली की धरायचा तसे पाय धरेल. परशूनं ओवाळून घ्यायला मान पुढं केली.

तिनं निरांजन पदरानं विझवलं आणि तबक कोनाड्यात ठेवून दिलं.