अकरा मिनिटांचा भागाकार

एका खुंटीपायी दोन तास गेले. सैन्यातली माणसं सरकारी घर सोडतात तेव्हा एक हवालदार यादी घेऊन येतो आणि घरातली एकूणएक वस्तू मोजून ताब्यात घेतो. नळ पाच, दिवे नऊ, खिडक्यांच्या काचा बावीस, न्हाणीघरातल्या खुंट्या दोन. आमच्या न्हाणीघरात तीन निघाल्या. एखादी कमी असती तर आणून ठोकली असती. पण जास्त? हवालदार गोंधळला, माझे जावईबापू गोंधळले, दोघांनी मिळून कुठेतरी फोन लावला आणि वरून हुकूम आला की जास्तीची काढून टाका. पक्कड आणून काढली. भिंतीला भोक पडलं. हवालदाराने यादीत खाली लिहिलं, न्हाणीघर, भोक एक.

जावईबापू मेजर आहेत. सही करताना त्यांच्या चेहऱ्यावर किल्ला सर केल्याचं तेज होतं. माझी लेक तोवर सदतिसावी पेटी बांधत होती. अकरा वर्षांत तिने आठ घरं मांडली आणि आठ सोडली, त्यामुळे ती बोलते कमी आणि दोरीची गाठ मारते पक्की.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून लेकीकडे असतो, म्हणजे ती असेल तिथे. मला दोन नाती. मोठी पाचवीत जायची होती, धाकटी चौथीत.

पेट्या ट्रकने पुढे गेल्या आणि आम्ही गाडीने निघालो. पुढे जावईबापू आणि लेक, मागे दोन्ही मुलींच्या मध्ये मी, आणि माझ्या पायांशी प्रेशर कुकर, कारण तो कुठल्याच पेटीत मावला नव्हता. स्टिअरिंगशेजारी चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. निघणे पाच वाजता. पहिला थांबा आठ चाळीसला, बारा मिनिटे. त्या बारा मिनिटांत पेट्रोल, पाणी आणि बाकी सगळं. धाकटीला ‘बाकी सगळं’ तेराव्या मिनिटाला आठवलं तर तिने पुढचे तीन तास कळ काढायची.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तसे जावईबापू खुशीत आले. आरशातून मागे बघत म्हणाले, “चौदाशे चौऱ्याण्णव किलोमीटर, तीन दिवस. मोठे, सांग बघू, रोज किती पडतील?”

मोठीने खिडकीबाहेर पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, “बाबा, आमच्या जुन्या शाळेत वेगळी पद्धत होती.”

“असं होय,” जावईबापूंनी मान हलवली. “चारशे अठ्ठ्याण्णव.” आणि ते शीळ घालू लागले.

यांनी विचारलं होतं उत्तर आणि मिळाली होती पद्धतीची बातमी, तरी यांचं समाधान झालं! न्हाणीघरातली खुंटी ज्यांना दिसते त्यांना पोटच्या पोरीचं हे दिसू नये?

पहिल्या थांब्याला जावईबापू पंपावर मनगटाकडे बघत उभे राहिले. मी मोठीला गाडीमागे घेतलं.

“कुठल्या जुन्या शाळेत गं?”

“कुठल्यातरी.”

“आणि पद्धत कसली वेगळी?”

ती बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली. “आबा, मला भागाकार येतच नाही.”

मग एकेक बाहेर आलं. एका शाळेत भागाकार सुट्टीनंतर शिकवणार होते, तर सुट्टीतच बदली झाली. पुढच्या शाळेत तो सुट्टीआधीच उरकला होता. तिसऱ्या शाळेत बाई म्हणाल्या, हा तुम्हाला येतच असेल. तेव्हा हिने पहिल्यांदा ते वाक्य वापरलं आणि बाईंनी ते खरं मानलं. चौथ्या शाळेतही मानलं. बदलीच्या पोरीने जुन्या शाळेचं नाव घेतलं की कोण शहानिशा करणार? शाळा असते हजार किलोमीटरवर.

“पाण्याचं चक्र मात्र मी चार वेळा शिकलेय,” ती म्हणाली. “वाफ, ढग, पाऊस, नदी. झोपेतसुद्धा येतं.”

“आईला सांगितलंस?”

“नाही. तुम्हीही बाबांना सांगू नका ना. नव्या शाळेत कळलं तर मला चौथीत बसवतील. धाकटीच्या बाकावर! ती आत्ताच मला अगंतुगं करते, मग तर डोक्यावर बसेल.”

“दोन मिनिटं!” पंपावरून हाक आली.

मी म्हटलं, “तीन दिवस आहेत आपल्याकडे. तुझ्या बाबांच्या कागदावर भागाकाराला थांबा नाहीये, तेव्हा तो चालत्या गाडीतच करू.”

मुलींच्या पिशवीत पत्ते होते. मी तिला बावन्न पत्ते चौघांत वाटायला लावले. प्रत्येकाला तेरा. मग तिघांत. प्रत्येकाला सतरा आणि हातात एक राहिला.

“हा कुणाचा?” धाकटीने विचारलं.

“कुणाचाच नाही. तो बाकी.”

“मग मला द्या.”

“म्हणजे वाटणी सारखी कशी राहील, माठ!” मोठी ओरडली, आणि मला कळलं की गाडं निम्मं पुढे गेलं.

दुपारी केसांच्या रबरांनी दहादहा पत्त्यांचे गठ्ठे केले. आधी गठ्ठे वाटायचे, उरतील ते सोडायचे, मग सुटे वाटायचे. एका पेटीचा फाडलेला पुठ्ठा मांडीवर घेऊन ती उदाहरणं मांडू लागली. रस्ता खडबडीत आला की आकडे हिंदकळायचे. कुकरचं झाकण दर खड्ड्याला वाजायचं आणि जावईबापू दर वेळी म्हणायचे, “हा कुकर कुणी घेतला?” जसं काही लेकीने तो हौसेने फिरायला आणला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष गेलं. “आबा, कशाला पोरीचं डोकं खाताय? हुशार आहे ती. चारही शाळांचे अहवाल बघा, समाधानकारक लिहिलंय.”

“लिहिलंय खरं,” मी म्हणालो. “समाधान कोणाचं झालं ते तेवढं राहून गेलंय.”

लेकीने पुढच्या सीटवरून वळून पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग मोठीकडे.  पुढच्या थांब्यावर ती मिनिटं न बघता समोरच्या दुकानात गेली आणि एक वही घेऊन आली. त्या थांब्याला अठरा मिनिटं लागली. जावईबापूंनी पुढचा तास तोंड फुगवून गाडी चालवली.

मोठीची एक चूक काही केल्या जाईना. मधल्या घरात वाटायला पुरेसं नसलं की ती ते घर गाळून सरळ पुढे जायची.

“कुणाला काही मिळालंच नाही, तर लिहायचं काय?” तिचं म्हणणं.

“मिळालं नाही, हेच लिहायचं. शून्य. नाहीतर पुढचा आकडा त्याच्या जागेवर येऊन बसतो.”

“विसरले तर?”

“ताळा करायचा. उत्तराला उलट गुणायचं. मूळची रक्कम परत आली नाही, म्हणजे कुठेतरी घोळ आहे.”

“आणि बाई बरोबर म्हणाल्या तर?”

“तरी ताळा करायचा.”

तिसऱ्या दिवशी मुक्कामी पोचलो. कागदापेक्षा सात मिनिटं लवकर. जावईबापूंनी ही बातमी तीन जणांना फोन करून सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे छावणीतल्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका मॅडम या तिथल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. साहेब छावणीचे प्रमुख, म्हणून त्या शाळेच्या प्रमुख. एवढंच शिक्षण या पदाला पुरत असावं. मागच्या कपाटात ढाली आणि चषक, टेबलावर घंटी, आणि घंटी वाजली की धावत येणारा शिपाई. त्यांनी मोठीचे अहवाल पत्त्यांसारखे चाळले.

“समाधानकारक, समाधानकारक. छान. पाचवीत घेऊ. मेजर, चाचणी वगैरे आम्ही नावालाच घेतो. तुम्ही लोक दोन वर्षांनी जाणारच, उगाच खोलात कशाला शिरायचं?”

“जी मॅडम,” जावईबापू हसले.

पोरीचं काम झालं होतं. गप्प बसली असती तर पाचवी पक्की होती. पण तिच्या मुठीत टोक काढलेली पेन्सिल होती, आणि आल्यापासून तिने ती घट्ट धरून ठेवली होती.

“मॅडम, मला भागाकार घाला ना.”

“हात दाखवून अवलक्षण,” जावईबापू पुटपुटले.

मॅडमनी कौतुकाने कागद ओढला आणि लिहिलं, बाराशे चोवीस भागिले सहा. मोठी टेबलाच्या कोपऱ्याशी वाकली. मॅडमनी एक फोन घेतला, मग दुसरा. जावईबापूंनी चार वेळा घड्याळ पाहिलं. शेवटी तिने कागद पुढे केला. मॅडमनी फोन कानाला तसाच ठेवून, खाली शून्य आलंय एवढं बघितलं आणि शाईच्या पेनाने भलीमोठी बरोबरची खूण केली.

उत्तर होतं चोवीस.

मी तोंड उघडलं नाही. ते सोपं नव्हतं. मोठी आपल्या कागदाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. चोवीस सक एकशे चव्वेचाळीस.

“थांबा मॅडम,” ती म्हणाली. “चुकलंय.”

“नाही बाळ, बरोबर आहे. मी तपासलंय.”

“ताळा जमत नाही.” तिने कागद ओढून घेतला, उत्तर खोडलं, पुन्हा ओळीने उतरत गेली. मधल्या घराशी थांबली, शून्य लिहिलं, पुढे गेली. दोनशे चार. खाली गुणाकार करून बाराशे चोवीस परत आणले. “आता बरोबर. इथे कुणालाच काही मिळालं नव्हतं, ते मी लिहिलंच नव्हतं.”

 एवढ्यात धाकटी म्हणाली, “मग मॅडमनी आधीच खूण कशी केली?”

मॅडमचा चेहरा ढालींसारखा तांबूस झाला. त्यांनी फोन खाली ठेवला.

“किती वेळ लागला हिला? अकरा मिनिटं. एका भागाकाराला अकरा मिनिटं! पाचवीत हे चालत नाही. पाया कच्चा आहे. मेजर, मला वाटतं हिला चौथीत बसवू.”

चूक करून गप्प राहिली तेव्हा पोर पाचवीची होती, चूक दुरुस्त केली तशी चौथीची झाली.

मी जावईबापूंकडे पाहिलं. याच माणसाने चार दिवसांपूर्वी एक पेटी उलटी ठेवली म्हणून ट्रकवाल्याला रस्त्यात उभं करून झापलं होतं.

“जी मॅडम,” ते म्हणाले. “तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

मोठीने पेन्सिल टेबलावर ठेवली. धाकटीने हळूच तिचा हात धरला. डोक्यावर बसायची हीच वेळ होती, पण तिला ते सुचलं नाही.

मी खुर्चीतून उठू लागलो, तेवढ्यात लेकीने माझ्या हातावर हात ठेवला आणि टेबलावरचा कागद उचलला. कागदाची नीट चौपदरी घडी घातली.

“मॅडम,” ती म्हणाली, “चुकीला बरोबर म्हटलंत तुम्ही. चूक शोधली तिने. आता तुम्हीच ठरवा, चौथीत कोणी बसायचं ते.”

मॅडमनी घंटीवर हात मारला. शिपाई धावत आला आणि त्याला काय सांगायचं हे कुणालाच सुचेना.

बाहेर आल्यावर जावईबापूंना कंठ फुटला. “अगं, वेड लागलंय का तुला? साहेबांची बायको आहे ती! माझा वार्षिक अहवाल साहेबच लिहितात. काय लिहितील आता?”

“समाधानकारक लिहितील,” लेक म्हणाली. “गाडी काढा. फाटकाबाहेर गावातली शाळा आहे, येताना पाहिलीय मी.”

“त्या शाळेत? आपल्यातलं कुणी तिथे जात नाही.”

“म्हणूनच.”

गावातली शाळा एका मजल्याची होती. पाचवीचे गुरुजी बाह्या दुमडून फळा पुसत होते. वर्गात चाळीसेक मुलं. त्यांनी अहवाल हातात घेतले, उघडलेच नाहीत, मोठीला विचारलं, “भागाकार येतो?”

जुन्या शाळेचं वाक्य तिच्या जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. तिने ते गिळलं.

“येतो, पण हळू. आणि मधलं शून्य विसरते.”

“इथे निम्मा वर्ग विसरतो. ये.” त्यांनी फळ्यावर एक उदाहरण लिहिलं, खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावरच्या मुलाची वही तपासायला गेले.

ती फळ्याशी उभी राहिली. चाळीस जण बघत होते. पहिलं घर झालं, दुसऱ्याशी ती अडली. बाहेर हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक.

“कोण आहे ते?” गुरुजींनी वहीतून मान वर न करता विचारलं.

“माझे बाबा आहेत,” मोठी फळ्याकडे बघतच म्हणाली. “थांबतील ते.”