ओला दाणा

नायलॉनचा दाणा सुकवल्याशिवाय मशीनमध्ये घालायचा नाही, हे मोल्डिंगच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात. ओला दाणा गेला की मालात बुडबुडे येतात आणि माल वाया जातो. मी मात्र मुद्दाम, मापून पाणी घातलं. दोन वर्षं हात भाजून घेतले, तेव्हा कुठे ते बुडबुडे माझं ऐकायला लागले आणि मासेमारीच्या जाळ्याचे हलके, न फुटणारे बोये तयार झाले.

त्यावर मी पेटंट मागितलं, आणि जिथे मी बावीस वर्षं ऑपरेटर होते त्याच कंपनीने विरोध केला. म्हणे, यात शोध कसला? धंद्यातल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं! तसं ठरलं असतं तर पेटंट गेलंच असतं. माझं डोकंच फिरलं. सुचलं असतं, तर इतकी वर्षं झोपला होतात काय?

सुनावणी व्हिडिओवर होती. माझी शाळेतली मैत्रीण कल्पिता पेटंटची कामं बघते. तिच्या अंधेरीच्या ऑफिसात आम्ही दोघी बसलो.

"तू गप्प बस हं रुक्मिणी," ती म्हणाली. "मध्ये तोंड घातलंस तर वाट लागेल."

स्क्रीनवर कंपनीचे तज्ज्ञ आले. निमेशभाई, माझे जुने साहेब. "रुक्मिणीबेन हुशार आहे, त्यात वाद नाही," ते गोड आवाजात म्हणाले, "पण हे अगदीच साधं आहे."

मी मुठी आवळल्या.

निकाल देणाऱ्या मॅडमनी कागदावरून नजर उचलली. "निमेशभाई, तुमच्या एखाद्या ऑपरेटरने ओला दाणा मशीनमध्ये घातला असता तर?"

"मॅडम, त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं!" निमेशभाई ताडकन बोलून गेले.

त्यांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

"मग सहज सुचलं असतं, ते नक्की कुणाला?" मॅडमनी विचारलं. कल्पिताने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी फुटली.

महिन्याभराने निकाल ईमेलवर आला, तेव्हा मी घाटकोपरच्या आमच्या स्वतःच्या मोल्डिंगच्या गाळ्यात होते. इंग्रजीतला निकाल मी नवऱ्याला मराठीत सांगू लागले. जे करायला धंद्यातला प्रत्येक जाणकार घाबरतो, ते सहज सुचणारं म्हणता येत नाही. विरोध फेटाळला आहे.

"मोठ्यान वाच गो," काशीराम ओरडला. "मशीनीच्या आवाजात आयकाक येना नाय!"

चालू मशीन मी आयुष्यात कधी थांबवलं नव्हतं. त्या दिवशी थांबवलं, आणि शेजारच्या गाळ्यांनाही ऐकू जाईल असं पहिल्या ओळीपासून वाचलं: "शोधक, रुक्मिणी काशीराम परब."