विदरबीची पितळी पट्टी

सुचित्राला काळं पडलेलं पितळ बघवत नसे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने समई, निरांजन, तांब्या सगळं चिंचेने लख्ख केलं, तरी हात शिवशिवत होते. उरलेली चिंच घेऊन ती वरच्या मजल्यावर डॉरिस आंटींच्या फ्लॅटमध्ये गेली. आंटी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये दाखल होत्या, आणि त्यांच्या माणसाएवढ्या उंच, जुन्या इंग्लिश घड्याळाला चावी देण्याचं काम सुचित्राकडे होतं. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची तर ते स्वच्छ नको? तिने तबकडीखालची पितळी पट्टी मन लावून घासली. पट्टी झळकली, आणि तिच्यावरचं काळ्या रंगातलं नाव चिंचेच्या चोथ्यात गेलं.

सॅम्युएल विदरबी. घड्याळ बनवणारा, आंटींच्या पणजोबांचा आजोबा. बिचाऱ्याने जन्मभर मालकाच्या नावाने घड्याळं केली, स्वतःचं नाव घातलं ते या एकाच घड्याळावर. हे आंटींनी तिला शंभरदा ऐकवलं होतं.

सुचित्राचं कशात म्हणून लक्ष लागेना. आमटी खारट झाली, लिफ्ट वाजली की ती दाराशी जाऊन कानोसा घ्यायची.

"त्यांना सांगून टाकते," ती नवऱ्याला म्हणाली.

"वेडी आहेस का? ऑपरेशन फसलंय. त्यांना आता जेमतेम उजेड कळतो. तू गप्प राहा," प्रबोध म्हणाला. तो बँकेत रिस्क सांभाळायचा, आणि त्याच्या मते इथे रिस्क शून्य होती.

आंटी घरी आल्या तशी दोघं भेटायला गेली. आंटी चाचपडत घड्याळापाशी उभ्या राहिल्या.

"प्रबोध, नाव वाचून दाखव ना. मला आता दिसत नाही."

प्रबोधने कोऱ्या पट्टीकडे बघत खणखणीत आवाजात वाचलं, "सॅम्युएल विदरबी."

आंटींचा चेहरा फुलला. "मी पर्थला भाच्याकडे चाललेय. तो म्हणतो, घड्याळ पॉलिश करून नव्यासारखं करू. त्याला नाही देणार. तुम्हीच ठेवा. तुम्ही त्याला धक्का लावला नाहीत."

सुचित्राला ते सोसवेना. प्रबोधने डोळे वटारले, तरी ती बोललीच. "आंटी, नाव राहिलं नाही. मी चिंचेने घासून काढलं. माझी चूक झाली."

आंटींची बोटं पट्टीवरून एकदा फिरली. मग त्या सुचित्राकडे नाही, प्रबोधच्या आवाजाच्या दिशेला वळल्या.

"मग तू काय वाचलंस?"