आरसा धरणारी

लातूरच्या मॉलमधल्या थिएटरात सिनेमा ऐन रंगात आला होता आणि विशाखा मान मागं वळवून बसली होती. वरच्या भिंतीतल्या बारक्या खिडकीतून उजेडाचा झोत निघत होता. तो कुठून रुंद होतो, त्यात धूळ कशी तरंगते, हे ती बघत होती. शेजारी बसलेल्या धम्मप्रियानं, तिच्या लेकीनं, तिला कोपरानं ढोसलं.

"आई, पडदा पुढं आहे."

"माहीत आहे ग."

मध्यंतरात लेक म्हणाली, "तू दरवेळी असंच करतेस. काय असतं मागं एवढं?"

विशाखा सत्तेचाळीस वर्षांची होती. पोस्टात काउंटरवर बसून दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. थोडा विचार करून ती म्हणाली, "लहानपणी मी सिनेमा दाखवायचे. बघितला मात्र कधी नाही."

मग तिनं सांगितलं. मुखेडपासून दोन कोसांवर तिचं गाव. हिवाळ्यात मुखेडला तंबूतला सिनेमा यायचा. तुटलेली रीळ जोडताना मशीनवाला खराब तुकडे कापून तंबूमागं फेकायचा आणि ते वेचायला पोरांची झुंबड उडायची. तिच्या वर्गातल्या बजरंगनं असे पंधरा-वीस तुकडे जमवले होते आणि स्वतःचं मशीनही केलं होतं. गेलेल्या बल्बचं बूड फोडून आतली तार काढायची, काचेच्या गोळ्यात पाणी भरायचं, की झालं भिंग. गुरांच्या कोठ्याचं दार लावून अंधार करायचा. भिंतीला आरपार भोक होतं, त्यात फिल्मचा तुकडा अडकवायचा, आतल्या बाजूनं पुढ्यात बल्ब टांगायचा आणि समोर धोतर बांधायचं. बाहेरून कुणी आरशानं ऊन भोकात सोडलं, की धोतरावर माणसं उमटायची.

तो आरसा विशाखा धरायची. दरवेळी तीच. सूर्य सरकतो तसा आरसाही केसभर सरकवावा लागतो, आणि जरा जास्त हलला की आत अंधार. तिला ते बरोब्बर साधलं होतं. आतून पोरांचा गलका ऐकू आला की तिला वाटायचं, हे सगळं आपल्या मनगटावर चाललंय. खेळ संपल्यावर बजरंग बाहेर येऊन आज काय काय दिसलं ते सांगायचा. राजानं घोड्यासकट खंदकावरून उडी मारली, मागं महाल पेटला, राणी गच्चीवर एकटीच उभी. ते ऐकून विशाखा उड्या मारतच घरी जायची. पुढं सातवीनंतर वडिलांनी तिला शिकायला नांदेडला ठेवलं आणि ते सगळं संपलं.

"एकदाही आत घेतलं नाही तुला?" लेकीनं विचारलं.

"मग आरसा कोण धरणार?" विशाखा म्हणाली. पण म्हणता म्हणताच तिला वाटलं, हे काही पुरतं उत्तर नव्हे.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या ग्रुपवरून बजरंगचा नंबर काढला आणि फोन लावला. तो गावातच शेती करत होता. तोच खेळ एकदा आतून बघायचाय, हे तिचं म्हणणं ऐकून तो हसला.

"कोठा हाय. भोक बी हाय, चिंध्या कोंबल्यात त्यात. तुकडे कुठंतरी जर्द्याच्या डब्यात असतीन. पर बलब कुठून आणावं, इशाखा? आता समदे एलईडी."

ही अडचण खरी निघाली. विशाखानं गंजगोलाईच्या बाजारातली चार दुकानं पालथी घातली, पण तारेचा बल्ब मिळेना. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, "कोंबडीची पिल्लं पाळता का? आता हे बल्ब पिल्लांना ऊब द्यायलाच लागतात बघा." ते ऐकून तिनं बजरंगला परत फोन केला. त्याच्या शेजारच्या चंद्रप्पाचं कोंबड्यांचं शेड होतं आणि तिथं गेलेल्या बल्बांचं खोकंच पडलं होतं.

पुढच्या रविवारी ती एसटीनं मुखेडला उतरली आणि तिथून जीपनं गावात आली. बजरंगचे केस पार पिकले होते. त्याची बायको गुणाबाई हिनं हातावर पाणी दिलं, चहा ठेवला, आणि लातूरहून एवढ्या लांब ही बाई नेमकं काय बघायला आली हे नवऱ्याला दोनदा विचारलं. त्याला ते नीट सांगता आलं नाही.

बूड फोडताना दोन बल्ब हातातच फुटले, तिसरा साधला. कोठ्यात आता गुरांऐवजी सोयाबीनची पोती होती. जर्द्याच्या डब्यात तुकडे तीनच उरले होते. दोन एकमेकांना चिकटून लालभडक झालेले, तिसरा काळा-पांढरा, त्यातल्या त्यात शाबूत. भोकातल्या चिंध्या काढून तो त्यांनी तिथं अडकवला आणि समोर धोतर बांधलं.

बजरंग सवयीनं आत शिरायला लागला, तशी विशाखा म्हणाली, "तू आरसा धर."

"मी?"

"हाव. तूच."

तो आरसा घेऊन बाहेर गेला. विशाखानं दार लावून घेतलं आणि ती एका पोत्यावर बसली. काळोखात सोयाबीनचा वास होता. एकदम भोक पेटल्यासारखं झालं. तिनं बल्ब पुढं-मागं केला, आणि धोतरावर एक माणूस उभा राहिला.

साधा माणूस. अंगात सदरा, हातात कापडी पिशवी, घराच्या दारात उभा. आत यावं का परत जावं, असं काहीतरी त्याच्या मनात चाललेलं. मागं भिंतीवर कॅलेंडर.

बराच वेळ बघून तिनं हाक दिली. "बजरंग, घोड्यावरचा राजा कोणत्या तुकड्यात होता?"

"कोणता घोडा?" बाहेरून आवाज आला. "घोडा नव्हता गं कवाच. समदे असलेच तुकडे हुते. मशीनवाला चांगलं कशाला फेकल?"

"मग मला का सांगायचास?"

"तू कटाळली असतीस तर?"

विशाखाला हसू आलं. पण मॉलमध्ये अर्धवट राहिलेला तो प्रश्न आता तोंडाशी आला होता.

"दुसरी पोरं पाळीपाळीनं बाहेर थांबली असती की. मला आत का नाही घेतलं कधी?"

धोतरावरचा माणूस थरथरायला लागला. आधी पिशवी हलली, मग सगळं दारच हललं. बजरंगचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण त्याचा हात तिला धोतरावर दिसत होता.

"आजी हुती तवा," शेवटी तो म्हणाला. "तुमच्यातल्या कुणाला कोठ्यात पाय ठिवू द्यायची न्हाई. मी एकदा इचारलं बी हुतं, तर तिनं मला बाहेर काढलं. मग मी तुला आरशावर ठिवलं. म्हणलं, खेळात तर ऱ्हाईल." मग म्हणाला, "अन् तुझ्यावाणी कुणाला धरता बी येत नव्हतं. हे उगं बरं वाटावं म्हणून बोलत न्हाई. दोन्ही बी खरंच हाय."

दहा वर्षांच्या मुलीला हे कळलं नव्हतं, की कळूनही तिनं ते मनावर घेतलं नव्हतं, हे विशाखाला आता सांगता येईना. उन्हात उभं राहिलेलं तिला आठवत होतं, आणि तो आनंद आठवतानाही कुठं खोटा वाटत नव्हता. रागही आला. पण तो काढायचा कुणावर? आजीला जाऊन वीस वर्षं झाली होती.

"चित्र हलतंय," ती म्हणाली. "नीट धर."

"हात भरून आले गं."

"येऊ दे."

तिनं त्याला चांगली पंधरा मिनिटं उभं ठेवलं. तेवढ्यात गुणाबाई दार किलकिलं करून आत आली, पदर सावरून शेजारच्या पोत्यावर बसली आणि डोळे बारीक करून बघायला लागली. सत्तावीस वर्षं ती या घरात नांदत होती आणि या भोकाचा असाही उपयोग असतो, हे तिला आज कळत होतं.

"कोण म्हणावं हा?"

"माहीत नाही."

"पिशवीत काय आसल ताई त्याच्या?"

"तेच बघतेय मी. आणि कॅलेंडरवरचे आकडे उलटे दिसताहेत."

विशाखा उठली, तिनं भोकातला तुकडा काढून पालथा केला आणि परत बसवला. माणूस आता दाराच्या दुसऱ्या अंगाला गेला आणि कॅलेंडरवरचा मोठा आकडा सुलटा झाला. सतरा तारीख. महिना मात्र काही लागेना.

"कॅलेंडर हाय व्हय त्यात?" बजरंग बाहेरून म्हणाला. "मी कवाच न्हाई बघितलं. थांबा, मी येतो."

तो आत आला आणि कोठ्यात काळोख झाला. तिघंही अंधारात राहिली. मग बजरंगनं बाहेर जाऊन आरसा दोन विटांच्या आधारानं टेकवला आणि पळत आत आला. जेमतेम दीड मिनिट ते टिकलं. तेवढ्यात त्यानं सतरा तारीख बघितली, दारातल्या माणसाकडं बघितलं आणि म्हणाला, "हा पाव्हणा न्हाई. ह्याचंच घर हाय हे. लई दिसांनी आलाय."

"मग आत का जाईना?" गुणाबाईनं विचारलं.

तोवर चित्र धोतरावरून वर सरकत सरकत आढ्याकडं गेलं आणि विझलं. बजरंग उठायला लागला, विशाखाही उठली, पण गुणाबाई आधीच दारात पोचली होती.

"बसा तुमी दोघं," ती म्हणाली. "तेवढा महिना कोणता ते बघा, अन् मला सांगा."

बाहेर विटा पडल्याचा आवाज आला. गुणाबाईला आरसा काही साधेना. कवडसा भोकाच्या भोवती बाहेरूनच भिरभिरत असावा, कारण मध्येच आत एखादी ठिणगी पडल्यासारखी व्हायची आणि जायची. विशाखा पोत्यावरून ओरडून सांगत होती, "जरा खाली घ्या, वहिनी. आता डावीकडं. हात अंगाशी धरा, मनगटातून वळवा."

"हाव, हाव," बाहेरून गुणाबाई म्हणत होती. मग हळूहळू उजेड आत आला आणि स्थिर झाला.