धाग्याला खिसा नसतो

"मधे लुडबुड नको. सरळ जोड आणि मोकळी हो!"

मित्रांनो, हा आवाज माझ्या जन्माच्या वेळचा. मी एक जुना दुवा आहे, एका संग्रहालयाच्या संगणकातल्या नोंदी जोडणारा. माझ्या एका टोकाला कोरीव लाकडी दरवाजा, दुसऱ्या टोकाला कोरीव काम करणारी एक बाई. मधे मी, नुसता धागा. तो आवाज संग्रहालयाच्या साहेबांचा. मला विणणाऱ्या मुलीला सगळे जोडणीताई म्हणत.

त्याच दरवाजाचा दुसरा धागा बाईच्या थोरल्या भावाकडे जात होता. दरवाजावर पक्ष्यांचा थवा आहे. त्या थव्यासाठी भावाचा सत्कार झाला होता. बहिणीने काय केले, असे विचारल्यावर तो म्हणाला होता, "मदत."

आता हा शब्द ठेवायचा कुठे? धाग्याला खिसा नसतो, मित्रांनो. जोडणीताईने तो बाईच्या नावालाच चिकटवला: मदतनीस. तिथेच घात झाला. पुढे बाईने एकटीने कोरलेल्या पेट्या, पाळणे, आरशांच्या चौकटी, सगळ्यांखाली तीच पाटी लागली. मला तर तटकन तुटावेसे वाटे.

एके दुपारी बाई तरातरा आत आली. भावाला तिने ओढूनच आणले होते.

"एकटीच्या कामात मी मदत केली कुणाला? मांजराला?"

साहेब हसले. "अहो, एका शब्दावरून एवढं काय?"

"तुम्ही घरी बायकोला भांडी घासायला मदत करता ना? मग इथे तुमच्या खोलीच्या दारावर लिहा, मदतनीस!"

साहेबांचे हसू विरले. बाई भावाकडे वळली. "दादा, बोल की! आईने तोंड फक्त जेवायला दिलंय का?"

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला.

"चूक माझी आहे," जोडणीताई म्हणाली. "हा शब्द बाईंचा नाही. बाई आणि दरवाजा यांच्या मधल्या कामाचा आहे."

"मधे काही नको म्हणून सांगितलं होतं," साहेब गुरकावले.

तिने ऐकले नाही. मला मधोमध कापले आणि तिथे एक गाठ बसवली. गाठीला खिसे दिले: कोणते काम, कोणता भाग, कोणाच्या सांगण्यावरून. बाईच्या नावावरचा शब्द सोडवून माझ्या खिशात टाकला. पेट्या सुटल्या, पाळणे सुटले. दरवाजा मात्र अडकलेलाच होता.

"दादा, मदत कोणत्या भागात? तुम्ही सांगितलं असं लिहिणार आहे," जोडणीताई भावाला म्हणाली.

"लिही! चौकटीला रंधा मारला तिने!"

"रंधा?" बाईचा आवाज अगदी खाली आला. "थव्यातला एक पक्षी मागे का वळलाय, तेवढं सांग. मग काहीही लिही."

मित्रांनो, दोघांमध्ये जे घडते ते एकाच्या कपाळी डकवू नका. त्याला मधेच जागा द्या, आणि ते कोण सांगतो आहे, तेही लिहा. माझे खिसे उघडे होते. भाऊ बहिणीच्या हातांकडे बघत होता.

"तिथे लाकडात गाठ होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, फळी फेकून दे. ती म्हणाली, गाठ राहू दे, पक्षी वळवू. मी... मी चौकटीला रंधा मारत होतो. थवा तिचा आहे. सगळा."