झुकलेली मान

तोन्याची आई आक्सिन्या वर्षातून एकदा लेकीचा नाच बघायला नदीपलीकडच्या गावाहून यायची. खेळ संपला की नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभी राहायची. हातात वर बटाटा थापून भाजलेल्या छोट्या रोट्यांचं, शांगींचं, गाठोडं असायचं. लेक बाहेर आली की विचारायची, "डाव्या टोकाला होतीस ना?"

तोन्या असायची उजवीकडे, मधल्या रांगेत. पण ती म्हणायची, हो आई, डाव्या टोकालाच. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गावातल्या बाया आक्सिन्याची थट्टा करायच्या. गोठ्यातलं वासरू न् वासरू ही पाठमोरं ओळखते आणि पोटची पोर हिला सापडत नाही, म्हणायच्या. त्यावर आक्सिन्याचं उत्तर ठरलेलं: वासरं आपापल्या तऱ्हेनं उभी राहतात, या पोरींना त्याची बंदी आहे.

ते काही खोटं नव्हतं. तोन्या बॅलेच्या मंडळीत आली ती समूहात, आणि समूहातच राहिली. सोमवारी दरबारातली बाई, बुधवारी कोळीण, रविवारी सकाळी मुलांच्या खेळात खारूताई. मात्र तिचा जीव होता पांढऱ्या खोडांच्या बर्चवनाच्या बॅलेत. वाट चुकलेला शिकारी रानात शिरतो आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मुली त्याच्याभोवती झाडं होऊन उभ्या राहतात. शेवटी रानावरून वारा जातो आणि सगळ्या एका दमात माना झुकवतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो इथंच.

तालीम घेणाऱ्या इनेसाबाई या जागेपाशी आल्या की काठी आपटायच्या. "रानात एकच झाड हललं तर लोक वारा बघत नाहीत, झाड बघतात," असं त्यांचं सांगणं. हे बोलणं बहुतेक वेळा मीलाला असायचं. मीला नवी होती, अंगानं लवचिक, आणि तिचा पाय नेहमी इतरांपेक्षा वीतभर वर जायचा. बाई तिला विचारायच्या, पंखा पुसायला निघालीस का?

त्या वर्षी तोन्याची नोकरी संपत होती. वीस वर्षं भरली की नाचणाऱ्याला पेन्शन मिळते. मग कुणी शिकवायला जातं, कुणी घरी बसतं. तोन्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं. गुडघ्यांनी तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं. एकच गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. एवढी वर्षं नाचले आणि आईनं मला एकदाही बघितलं नाही. आता शेवटचा खेळ, तोही बर्चवनाचा. यानंतर बघायला उरणार काय?

आदल्या दिवशी आई आली. जेवताना तोन्यानं मनातलं सांगून टाकलं. सगळ्या माना झुकवतील तेव्हा ती एकटी ताठ उभी राहणार होती, पुढचा सूर लागेपर्यंत. तेवढ्यात आईनं बघून घ्यायचं.

"आणि तुझ्या बाई?" आक्सिन्यानं विचारलं.

"उद्यापर्यंतच त्या माझ्या बाई."

आई सूप भुरकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोन्यानं हट्टानं मीलाच्या हातातून झारी घेतली आणि तालमीच्या लाकडी जमिनीवर स्वतः पाणी शिंपडलं, कोरड्या फळ्यांवर पाय घसरू नयेत म्हणून. ते काम खरं तर नवख्यांचं. झारी परत देताना तिनं मीलाला आपला बेत सांगितला, कारण मीला तिच्या शेजारीच उभी राहायची आणि ऐन वेळी दचकली असती. मीला खुलली. म्हणाली, "करा तोन्याताई. एवढ्या वर्षांत एक तरी पाप करा."

खेळ सुरू झाला. रांगेतल्या मुली ताल मोजून धरत नाहीत, श्वासानं धरतात. समोरचीची पाठ भरली की आपली भरते, ती ओसरली की आपली ओसरते. तोन्या त्या श्वासात शिरली आणि गुडघे विसरली. मग ती जागा आली. तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं: झुकायचं नाही. समोरची पाठ ओसरली. वारा आला. आणि तोन्याला आपल्या पायांपुढच्या फळ्या दिसल्या. तिची मान केव्हा झुकली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

पुढचा सूर लागला. संधी गेली होती.

पडदा पडल्यावर बाजूला इनेसाबाईंचा आवाज ऐकू आला. त्या मीलाला धारेवर धरत होत्या. सगळं रान झुकलं आणि ही एकटी करकोच्यासारखी मान वर करून उभी! मीलाचे डोळे भरून आले होते. बाई गेल्यावर ती तोन्याला म्हणाली, "तुम्ही आता करताय, मग करताय, म्हणून तुमच्याकडंच बघत राहिले. माझीच मान विसरले."

तोन्यानं तिला जवळ घेतलं, पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. आईनं ती वर राहिलेली मान बघितली असणार, आणि तीच लेक समजून डोळे भरून बघितली असणार. असू दे. विचारलं की हो म्हणायचं. एवढी वर्षं म्हणत आले, आणखी एकदा.

आक्सिन्या मागच्या दाराशी उभी होती, गाठोडं छातीशी धरून.

"एक पोरगी मान वर करून उभी होती," ती म्हणाली.

"हो आई. मीच ती."

आक्सिन्यानं मान हलवली. "नाही गं. ती चुकली तेव्हाच मला कळलं, ही माझी नव्हे. काल जेवताना सांगत होतीस तेव्हाही मला माहीत होतं, तुझ्यानं ते होणार नाही."

तोन्यानं विचारलं, "मग दरवर्षी ते डावं टोक?"

"काहीतरी विचारायला नको? तू हो म्हणायचीस, मलाही बरं वाटायचं." आक्सिन्यानं लेकीच्या कानामागं राहिलेली पावडर अंगठ्यानं पुसली. "मला तू कधी दिसलीच नाहीस, तोन्या. यातली एक माझी आहे एवढंच ठाऊक. मग काय करणार? सगळ्यांकडंच मायेनं बघायची. एखादीकडं बघायचं राहिलं आणि नेमकी तीच तू निघालीस तर?"

एवढ्यात दार ढकलून मीला बाहेर आली, नाक लाल, डोकं खाली. या दोघींना चुकवून निघून जायच्या बेतात होती. आक्सिन्यानं तिला हाक मारली, गाठोड्याची गाठ सोडली आणि पहिली शांगी तिच्या हातावर ठेवली.

"खा गं," ती म्हणाली. "मान अवघडली असेल."