मिलानहून आणलेलं रडू

माझा धाकटा भाऊ येवग्राफ तीन वर्षं मिलानला संगीत शिकून रशियात त्वेर प्रांतातल्या आमच्या घरी परतला, तो झोप हरवूनच. ऑपेराचे दोन अंक लिहून झाले होते. तिसऱ्यात नवरी माहेर सोडताना विलाप करते, तिथं गाडं अडलेलं. दिवसभर पियानोपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या.

"ताई, नवरी आपल्या गावची, पण तोंड उघडलं की इटालियन होते!"

"मग गावात जाऊन ऐक ना. पियानोला कशाला छळतोस?"

त्याच आठवड्यात लोहाराच्या मुलीचं, अगाफ्याचं लग्न होतं. आम्ही आदल्या दिवशी गेलो. रिवाजाप्रमाणे मैत्रिणी नवरीला लग्नाआधीच्या न्हाणासाठी न्हाणीघरात न्यायला आल्या, तशी तिची मावशी फेक्ला पुढे झाली. विलापात तिचा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती. ती ओळ उचलायची, अगाफ्या हुंदके देत पुढे न्यायची. येवग्राफ बोटांवर मात्रा मोजत होता. पाच आल्या, मग सात, पुन्हा पाच; त्याच्या ठरीव तालात काही बसेना. मोजता मोजता त्याचा चेहरा उतरला.

पुढचे चार दिवस तो धड जेवला नाही. पाचव्या दिवशी त्यानं फेक्लाला बोलावून घेतलं आणि पियानोपाशी बसून नव्यानं रचलेला सगळा विलाप स्वतः गाऊन दाखवला. ती दाराशीच उभी होती.

"कसं वाटलं, फेक्ला?"

"छान आहे, मालक. पण ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? तुमची अगाफ्या!"

"छे! ही तर लोकांना ऐकू जावं म्हणून रडतेय. आमच्या पोरीचा दम संपतो तिथं ती थांबते. तुम्ही हिला दमूच देत नाही."

मला हसू फुटलं. "हस, हस!" असं माझ्यावर डाफरून त्यानं कागद ओढले आणि तिथल्या तिथं सूर खोडायला लागला. शेवटची उंच तान मिलानच्या गुरुजींची लाडकी. तिच्यापाशी लेखणी दोनदा थबकली. मग तीही गेली. नवरीच्या आईचं गाणं मात्र त्यानं इटालियन ढंगातच ठेवलं.

"ते मला आवडतं, ताई. काय करू?"

हिवाळ्यात पीटर्सबर्गला पहिला प्रयोग झाला. आईच्या गाण्याला टाळ्या थांबेनात. नवरीचा विलाप तुटत तुटत संपला, तेव्हा कुणी हललंसुद्धा नाही. एकजण खोकला. पडदा पडला.

बाहेर बर्फावरची स्लेजगाडी उभी होती, पण येवग्राफ चढेना. कालव्याच्या कडेनं भराभर चालत सुटला. मी धापा टाकत मागून.

"ती शांतता कसली होती, ताई? आवडलं म्हणून, की कळलं नाही म्हणून?"

"मला नाही रे सांगता येणार."

"मी प्रेक्षागृहात मागं उभा होतो. माझ्या शेजारचा घड्याळ बघत होता."

"माझ्या शेजारची हातमोजा चावत होती."

तो गर्रकन वळला. "रडत होती?"

"अंधार होता, येवग्राफ."

"बरं. मग उद्याच्या प्रयोगाला तुझ्या जागेवर मी बसतो," म्हणाला, आणि पुन्हा चालायला लागला.